एका शब्दाची फोड

“आणि ‘हुपो’ म्हणजे?” रिबकाबाईंनी विचारलं.

“खाली.”

“‘मोने’?”

“राहणं. थांबणं.” नथानियेल आढाव हसला. “बाई, माझी परीक्षा घेताय की काय? आता हे मी दुसऱ्यांना शिकवतो.”

“म्हणूनच विचारते. पूर्ण शब्द सांग.”

“हुपोमोने. खाली राहणं. ओझ्याखाली न कुरकुरता राहणं. आपल्या मराठी शास्त्रात, बायबलात, त्याला ‘धीर’ म्हटलंय. उद्याच्या उपदेशाचा विषयच तो आहे.”

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे नथानियेलला कळलं नाही. विद्यार्थी होता तेव्हाही कधी कळलं नव्हतं.

नथानियेल म्हणजे त्या तालुक्याच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक. वय तसं कोवळं, पण बंगलोरहून मोठी पदवी घेऊन आलेला. ग्रीक शब्दाची फोड करून सांगण्यात सगळ्या नगर जिल्ह्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उपदेशाला उभा राहिला की मध्येच थांबायचा, चष्मा काढायचा आणि म्हणायचा, “आता मूळ ग्रीकमध्ये काय आहे पाहा...” मग मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यासुद्धा ताठ बसायच्या. माणूस वाईट नव्हता. स्वतःचा आवाज त्याला जरा जास्त आवडायचा, इतकंच.

ते ग्रीक त्याला दिलं होतं रिबकाबाई उजागरे यांनी. धर्मज्ञान विद्यालयात बाईंनी पाळकांच्या पिढ्या घडवल्या. त्यांनी घडवलेले सगळे व्यासपीठावर चढले. बाईंना मात्र, बाईमाणूस म्हणून, कोणी तिथे उभं राहू दिलं नाही. त्यांनी त्याचा कधी गवगवा केला नाही. विसरल्या, असंही नाही.

आता त्या मिशनच्या आवारातल्या जुन्या बोर्डिंगमध्ये राहत. मुलींचं बोर्डिंग केव्हाच बंद पडलं होतं. त्याच्या खोल्यांत मिशनच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स, गावोगाव पायी हिंडून वचन सांगितलेल्या बायबलबाया आणि मागेपुढे कोणी नसलेल्या विधवा अशा म्हाताऱ्या राहायच्या. ‘मरेपर्यंत इथेच राहा,’ असा शब्द जुन्या मिशनच्या लोकांनी त्यांना दिला होता. शब्द तोंडी होता, आणि देणारे कधीच मातीआड गेले होते.

मिशनच्या विश्वस्तांना त्या जागी दुकानांचे गाळे बांधायचे होते. सोमवारी पाडायचं मशीन येणार होतं. ‘विश्वस्त’ या शब्दात विश्वास असतो म्हणे. असेल बापडा.

तर आज शनिवार. पाळकसाहेब सकाळीच टेम्पो घेऊन आले होते, तेही अगदी आपुलकीने. बाईंसाठी नगरच्या वृद्धाश्रमात खोली ठरली होती. “एकदा बाई हलल्या की बाकीच्या आपोआप हलतील,” असं विश्वस्तांचे चेअरमनसाहेब म्हणाले होते. उरलेल्यांचं मन रविवारच्या उपदेशाने वळवायचं. धीर या विषयावर. आणि सगळं सुरळीत पार पडलं, तर पुण्याच्या मोठ्या मंडळीत पाळकाची जागा रिकामीच होती.

हे शेवटचं नथानियेलने बाईंना सांगितलं नव्हतं.

“न कुरकुरता,” बाई म्हणाल्या. “हा भाग कुठून आला? ‘हुपो’तून की ‘मोने’तून?”

“तो भाव आहे, बाई. शब्दाचा भाव.”

“कोणाचा?”

नथानियेलने घड्याळाकडे पाहिलं. आतल्या खोलीत बाईंची पेटी अजून उघडीच पडली होती. लुगडीसुद्धा दोरीवरून काढलेली नव्हती.

“बाई, हे सगळं आपण गाडीत बोलू. टेम्पोवाला खोळंबलाय.”

“खोळंबू दे. बारा वर्षांच्या येशूची गोष्ट सांग.”

“ती रविवारच्या शाळेतली पोरंसुद्धा सांगतील!”

“मग तुला जड जायला नको.”

सुटका नव्हती. नथानियेल पायरीवर टेकला आणि भरभर सांगू लागला. सणाला आईबाप यरुशलेमास गेले. सण संपला. सगळी माणसं गावाकडे निघाली, आईबापही निघाले. मुलगा मात्र मागे राहिला, आणि...

“थांब. ‘मागे राहिला’ला लूकने आपल्या शुभवर्तमानात कुठलं क्रियापद घातलंय?”





“हुपेमेइनेन,” तो सावकाश म्हणाला.

“धातू?”

“हुपोमेनो.”

“म्हणजे तुझ्या उद्याच्या शब्दाचा बापच. बरं, सगळे निघाले होते?”

“सगळे.”

“हा कोणाला विचारून मागे राहिला?”

“...कोणालाच नाही.”

“सापडल्यावर रडला? चुकलो म्हणाला?”

“नाही. उलट आईबापांनाच विचारलं, मला शोधत का हिंडलात म्हणून.”

“उद्धट होता म्हणायचा.”

“बाई! असं कसं बोलता?”

“मी कुठे बोलतेय? तुझा शब्द बोलतोय.”

नथानियेलला घाम फुटला. शनिवारचं ऊन होतंच, पण घाम त्याचा नव्हता. वर्गात असंच व्हायचं. बाई कधी ओरडल्या नाहीत. त्या नुसतं विचारायच्या, आणि मुलगा स्वतःच्याच उत्तरात पाय अडकून पडायचा.

“येशूच्याही आधीच्या ग्रीकमध्ये हा शब्द कोणाबद्दल वापरायचे?” बाई थांबायला तयार नव्हत्या.

“सैनिकांबद्दल लिहिताना यायचा. शत्रू चाल करून आला तरी जागा न सोडणं.” मग थोड्या तोऱ्यात, “हे मी माझ्या प्रबंधात लिहिलंय.”

“आणि उपदेशात?”

“लोकांना इतकं खोलातलं नको असतं, बाई.”

“लोकांना, की चेअरमनला?”

नथानियेलने चष्मा काढून पुसायला घेतला.

आतून मार्थाबाईंचा आवाज आला. त्या मिशनच्या जुन्या नर्स. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. आता डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं.

“बाई, टेम्पो आला वाटतं. मी पण बांधाबांध करू का?”

बाईंनी नथानियेलकडे पाहिलं. नथानियेलने जमिनीकडे.

“नको,” बाई आत वळून म्हणाल्या. “तू चहा टाक. नथूला जास्त साखर.”

आता मात्र त्याचा तोल सुटायला लागला. आवारातली सगळी माणसं बाईंच्या तोंडाकडे बघत होती, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो आधी इथे आला होता.

“बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की शब्दाचा अर्थ संदर्भावरून ठरतो. एका ठिकाणी मुलगा मागे राहिला, म्हणून सगळीकडे तोच अर्थ लावायचा नाही. प्रेषितांच्या पत्रांमध्ये तो शब्द संकटाच्या संदर्भात येतो. छळाच्या संदर्भात येतो.”

“बरोबर. शिकवलं.” बाई खूश झाल्यासारख्या दिसल्या. “मग आजचा संदर्भ सांग.”

“आजचा?”

“शब्द उद्या या बायांसमोर उच्चारणार आहेस ना? मग त्यांचा संदर्भ सांग. कोण कुठे राहतंय, कोण चाल करून येतंय, आणि कोणाला जागा सोडायला सांगतायत?”



...

बाहेरून टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. एकदा, मग लांबलचक.

“चल,” म्हणत बाई उठल्या. पदर खोचला, काठी घेतली आणि चक्क फाटकाकडे निघाल्या.

नथानियेलचा जीव भांड्यात पडला. काही का असेना, बाई निघाल्या होत्या. सामान काय, मागाहून नेता येईल. तो लगबगीने पुढे झाला आणि टेम्पोचं दार उघडून उभा राहिला.

बाई दाराशी आल्या, आणि दारावरून तशाच पुढे, टेम्पोच्या मागच्या बाजूला गेल्या.

मिशनचं आवार चढावर आहे. फाटकासमोरचा रस्ता थेट बाजारपेठेपर्यंत उतरत जातो. टेम्पो जुना होता, हँडब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून टेम्पोवाल्याने मागच्या चाकाखाली एक दगड लावला होता. नारळाएवढा असेल.

बाईंनी काठीने तो दाखवला.

“काढ.”

“अहो बाई, काढू नका!” टेम्पोवाला आतून ओरडला. “गाडी सुटंल! खाली भाजीबाजार भरलाय!”

“ऐकलंस?” बाई नथानियेलला म्हणाल्या. “एवढी मोठी गाडी. आणि एवढासा दगड. तो कुठे आहे?”

“खाली,” नथानियेल म्हणाला. पुढचा प्रश्न काय येणार, हे त्याला दिसायला लागलं होतं, आणि तो येऊ नये असं फार वाटत होतं.

“सगळा भार कोणावर आहे?”

“त्याच्यावर.”

“कुरकुरतोय?”

“नाही.”

“मग याला ग्रीकमध्ये काय म्हणशील?”

...

...

नथानियेल त्या दगडाकडे बघत राहिला. प्रबंध लिहिताना त्याने हा शब्द किती कोशांतून उलटापालटा केला होता. ‘खाली’ म्हणजे दबलेला, हे त्याने इतक्या वेळा वाचलं आणि सांगितलं होतं की दुसरं काही असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला राग आला. आधी दगडाचा, मग बाईंचा.

“शब्दांची फोड करून घरं वाचत नाहीत, बाई!” तो मोठ्याने म्हणाला. टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं, तशी त्याने आवाज खाली आणला, पण राग काही खाली आला नाही. “जागा त्यांच्या नावावर आहे. वकील त्यांचे आहेत. सोमवारी मशीन येईल आणि तुमच्या अंगावर भिंत पडेल. मी तुमच्या भल्यासाठी आलोय. तिथे स्वतंत्र खोली आहे, गरम पाणी आहे, डॉक्टर येतो...”

“मार्थाला पण?”

“...त्यांची सोय होईल नंतर.”

“कुठे?”

“बघतायत.”

“कोण?”

बघत कोणीच नव्हतं. हे त्याला चेअरमनच्या बैठकीतच कळलं होतं, आणि तिथून उठताना त्याने ते तिथेच ठेवलं होतं. आता इथे, भर रस्त्यात, ते परत समोर आलं.

“तुम्हाला बोलायला सोपं आहे,” तो म्हणाला. “ही खोली रिकामी झाली नाही तर माझी बदली कुठे करतील, ठाऊक आहे? जिथे धड उपासनेला चार घरंसुद्धा नाहीत अशा ठिकाणी. माझी बायको तिथे काय करेल? मुलीची शाळा? आणि झाली रिकामी, तर पुणं. मोठी मंडळी. बाई, मी त्याच्यासाठी इतकं शिकलो!”

पुण्याचं नाव निघालं, तसा तो स्वतःच दचकला.

बाई मात्र दचकल्या नाहीत. त्यांना ते बहुधा टेम्पो दिसला तेव्हाच कळलं असावं.

“भीती वाटते?” त्यांनी विचारलं.

आवाज इतका साधा होता की खोटं बोलायला जागाच राहिली नाही.

“हो. वाटते.”

“मला पण.”

हे मात्र त्याला नवीन होतं. बाईंना भीती वाटते? त्याने नीट पाहिलं. काठी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वयाने असेल, असं त्याला सकाळी वाटलं होतं.

“नथू, ग्रीक राहू दे. मराठी सांग. धीर धरतात. आणखी काय करतात धीराचं?”

“देतात. सोडतात.”

“आणखी?”

तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, “...करतात. धीर करतात.”

“उद्या मार्थाला यातलं कुठलं सांगणार होतास?”

“धरायला.”

“आणि करायचा कोणी?”

वाऱ्याने फाटक करकरलं. टेम्पोवाल्याने बिडी पेटवली. या दोघांचं काही लवकर उरकत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात नथानियेलच्या खिशातला फोन वाजला. चेअरमनसाहेब. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई बाजारपेठेकडे बघत होत्या. त्या मदतीला येणार नव्हत्या, हे स्पष्ट होतं.

“सलाम, साहेब.”

“सलाम. बसल्या का बाई टेम्पोत?”

“नाही.”

“नाही म्हणजे? अहो, समजूत काढा त्यांची! त्यासाठीच पाठवलंय ना तुम्हाला?”

“काढत होतो, साहेब.” नथानियेलचा आवाज चिरकला. जो आवाज त्याला इतका आवडायचा, तो अगदी ऐन वेळी चिरकला. “पण निघाली ती माझी.”



“पाळकसाहेब, चेष्टा नको. उद्याचा उपदेश ठरल्याप्रमाणे होतोय ना?”

“विषय तोच आहे. धीर.”

“मग ठीक आहे.”

“नाही, साहेब. मला वाटतं तुम्हाला तो आवडणार नाही.”

“आढाव, नीट ऐका. पुणं विसरावं लागेल.”

नथानियेलने डोळे मिटले. पुण्याच्या त्या चर्चची उंच कमान, रंगीत काचा, आवाज घुमवणारं छत... सगळं त्याने मनात कितीदा तरी पाहिलं होतं. बायकोला दाखवलं होतं. मुलीला सांगितलं होतं.

“बरं,” तो म्हणाला.

“आणि सोमवारी मशीन येणार म्हणजे येणार. पोलीस बंदोबस्त घेऊन येणार. तुम्ही त्या वेळी कुठे असाल, याचा विचार करा!”

“केला. इथे असेन. बोर्डिंगच्या दारात.”

फोन कोणी आधी ठेवला, ते त्याला नंतर आठवेना. तो कसाबसा टेम्पोवाल्यापाशी गेला.

“मामा, तुम्ही जा. सामान नाही.”

“मोकळाच जाऊ?”

“मोकळाच.”

टेम्पोवाल्याने एकदा पाळकाकडे, एकदा म्हातारीकडे पाहिलं. “आवो, मग सकाळधरनं कशापायी थांबवलं मला?” असं पुटपुटत त्याने गाडी सुरू केली, दगड मागे सोडून पुढे घेतली आणि वळवली. धूर सोडत टेम्पो उतारावरून गेला.

बाई परत निघाल्या. नथानियेल त्यांच्या मागे. बोर्डिंगच्या पायरीपर्यंत आला आणि तिथेच बसला. ठरवून नाही, पुढे काय करायचं ते कळेना म्हणून. दारात मार्थाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे आणखी दोन-तीन चेहरे. टेम्पो रिकामा गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता.

मार्थाबाईंनी चाचपडत त्याचा खांदा शोधला, कप हातात दिला आणि हात खांद्यावर तसाच राहू दिला. नथानियेलला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही.

“बाई, माझं चुकलं तर नाही ना?”

रिबकाबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी चहाचा घोट घेतला.

“सोमवारी ते येतील. मशीन येईल, पोलीस येतील, चेअरमन स्वतः येईल. मला पाडून बोलेल सगळ्यांसमोर. तिथे काय बोलायचं, मला काहीच सुचत नाहीये. एवढं ग्रीक येतं, पण त्यांना सांगण्यासारखं एक वाक्यसुद्धा माझ्याजवळ नाही.”

“बोलायचं मी बघते,” बाई म्हणाल्या. “तू फक्त इथून उठू नकोस.”